वारा न लागलेला कोट

मित्रांनो, मी लोकरीचा कोट आहे, वयाने तुमच्या आईवडिलांपेक्षा थोडा मोठा, आणि राहायला आहे सिंगापूरमध्ये. हसलात ना? हसून घ्या. जिथे बारा महिने घामाच्या धारा लागतात, तिथे माझ्यासारख्या जाडजूड कोटाचे काय काम, हा प्रश्न मलाही पुष्कळ दिवस पडला होता. विचार करायला वेळही भरपूर होता, कारण मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेला होतो, पिशवी एका सुटकेसवर पडली होती आणि सुटकेस होती पोलादी दाराच्या एका अंधाऱ्या खोलीत. त्या कोंडवाड्यातून मी बाहेर कसा आलो हे सांगण्याआधी आत कसा गेलो ते सांगायला हवे.

माझा जन्म लाहौलचा. कुल्लूच्या पलीकडची मोठी खिंड ओलांडली की तो मुलूख लागतो. तिथल्या मेंढ्यांची लोकर तिथल्याच बायकांनी चालताबोलता टकळीवर कातली आणि हातमागावर विणली. अशा जाड कापडाला तिकडे पट्टी म्हणतात. माझा रंग मेंढीचाच, करडा, त्यात थोडी तपकिरी झाक. शिंप्याने माझ्या बाह्या जरा लांब ठेवल्या होत्या, धुतल्यावर आटतील म्हणून. त्या कधी आटल्या नाहीत, कारण मला कधी कोणी धुतलेच नाही.

मी शिवला गेलो तो साधनासाठी. पद्माकर हे पूल बांधणारे इंजिनियर. नोकरीने त्यांना तिकडे नेले आणि लग्न झाल्यावर साधनाही साताऱ्याहून तिथे राहायला आली. पहिल्याच थंडीत तिचे दात असे वाजायला लागले की पद्माकर तिचे माप घेऊन शिंप्याकडे धावले. साधनाला मी अरेतुरे करतो, कारण आयुष्यभर मी तिच्या अंगावर होतो. पद्माकरांना मात्र अहोजाहो. त्यांचा माझा संबंध मला खुंटीवरून काढून देण्यापुरताच होता.

त्या हिवाळ्यात माझ्या कॉलरला खोबरेल तेल, बाह्यांना चुलीचा धूर आणि काखेत घाम असा सगळा संसार चिकटला. साधनाने रिठे कुटले, पातेलेभर पाणी तापवले आणि मला त्यात बुडवणार, एवढ्यात घरमालकीण आत आली. तिला सगळे आमा म्हणत, म्हणजे आई. आमाने ते वाफाळते पाणी पाहिले आणि मला साधनाच्या हातातून काढून सरळ बाहेर नेले. गरम पाण्यात चोळली की लोकर आवळते आणि कोट बाहुलीच्या मापाचा होतो, हे तिने अर्धे हिंदीत आणि अर्धे हातवाऱ्यांनी समजावले.

मग मला दोरीवर टांगले. मी बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत कोणी हात लावला नाही, कारण ऊबदार कपडा बर्फावर टाकला तर बर्फ वितळतो आणि सगळा खेळ संपतो. नंतर नुकत्याच पडलेल्या, पिठासारख्या भुरभुरीत बर्फावर मला पालथे घातले, वरूनही बर्फ टाकला आणि आमाने केरसुणीच्या मुठीने माझी पाठ थोपटली. उचलून झटकले, पुन्हा स्वच्छ जागी ठेवले, पुन्हा थोपटले. मी जिथे पडलो होतो तिथे माझ्या आकाराचा राखाडी डाग उमटला होता. मग वाऱ्यावर पुन्हा दोरी. संध्याकाळी साधनाने मला नाकाशी धरले आणि तिला कशाचाच वास आला नाही. मला काय हलके वाटले म्हणून सांगू!

तेव्हापासून तिला ते वेडच लागले. दर हिवाळ्यात पहिला कोरडा बर्फ पडला की माझी अंघोळ ठरलेली. पुढे पद्माकरांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. पुण्यात बर्फ कुठला? पण डिसेंबरातली पहाट बऱ्यापैकी गार असे. साधना मला गॅलरीत सावलीत टांगायची, मऊ ब्रशने झाडायची, खिसे उलटे करायची. ट्रंकेत ठेवताना कडुलिंबाची वाळलेली पाने. डांबरगोळीचा तिला भारी तिटकारा. "वास मारणारं कापड अंगात घालू नये, लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच," असे ती निशिकांतला सांगायची. निशिकांत म्हणजे त्यांचा मुलगा. लहानपणी तो माझ्या बाह्यांत पाय घालून घरभर फिरायचा, आणि ते मला अजिबात आवडत नसे.

मग साधना आजारी पडली. तिला सारखी थंडी वाजे, अगदी उन्हातसुद्धा. त्या थंडीत ती दिवसरात्र मला घालून असायची. मलमाचा, औषधांचा, ओल्या उशीचा वास माझ्या धाग्याधाग्यात मुरला. गॅलरीत टांगायला तिच्यात ताकद नव्हती आणि दुसऱ्या कोणाला ते सुचले नाही. एकदा तिने माझी कॉलर नाकाशी नेली, तोंड वाकडे केले आणि "ह्याला वारा हवा," असे म्हणाली. पद्माकर तेव्हा औषध आणायला गेले होते. ते ऐकायला फक्त मी होतो.

ती गेली. पद्माकर रडले नाहीत. घरी येणाऱ्यांना ते चहा घेणार का विचारत राहिले. सिंगापूरहून निशिकांत आला, वडिलांना एकटे ठेवायचे नाही म्हणाला आणि घर आवरायला बसला. मला पाहून त्याने ड्रायक्लीनिंगचा विषय काढला, तर पद्माकरांनी मला त्याच्या हातातून घेतले. "तसाच भर," एवढेच बोलले. मग आली ती पिशवी. तिच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून निशिकांतने सगळी हवा ओढून घेतली. माझे खांदे दुमडले, बाह्या पोटात गेल्या आणि मी पापडासारखा चपटा झालो.

सिंगापूरला पोहोचलो ते थेट शेल्टरमध्ये. तिथल्या नव्या सरकारी इमारतींत घराघरात काँक्रीटची एक बिनखिडकीची खोली असते, युद्ध झालेच तर लपायला. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे अडगळ ठेवतात. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्येही तसेच. आकाशकंदील, तांदळाची पोती, पापडाचे डबे, गार्गीची लहानपणची सायकल आणि मी. गार्गी म्हणजे निशिकांत आणि अनघाची मुलगी. दार इतके जड की लागले म्हणजे बाहेरच्या गाडीचा, शेजाऱ्यांचा, पावसाचा, कशाचाही आवाज आत येत नसे.

अंधाराची सवय होते, मित्रांनो. चपटे होण्याची होत नाही. मी लोकर आहे. माझ्या धाग्यांमध्ये हवा खेळते म्हणून तर मी ऊब देतो. ती हवाच काढून घेतली तर माझ्यात उरते काय? मला हालता येत नव्हते, पसरता येत नव्हते, आणि कोणी तरी येईल आणि सोडवील अशी आशाही हळूहळू आटत चालली होती.

तसे एक जण येत असत. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की पद्माकर शेल्टरमध्ये यायचे. दार आतून ओढून घ्यायचे आणि तांदळाच्या पोत्यावर बसायचे. मग माझ्या पिशवीची झिप दोन बोटे उघडून त्या फटीला नाक लावायचे आणि डोळे मिटायचे. साधनाचा वास माझ्यात आहे, तो उडून जाऊ नये, म्हणून हा सगळा बंदोबस्त होता. थोड्या वेळाने ते झिप ओढायचे आणि गुडघ्याने दाबून हवा काढून टाकायचे.

दर वेळी त्या फटीतून सिंगापूरची ओलसर हवा आत शिरे. मला ती अधाशासारखी प्यावीशी वाटे, कारण दुसरी मिळत नव्हती. पण लोकर हवेतले पाणी पिते आणि बंद पिशवीत ते पाणी जाते कुठे? आधी माझ्या पाठीवर पांढरे ठिपके उठले. मग कसर लागली. कसरीच्या त्या बारीक अळ्या डाव्या बाहीपासून मला खात सुटल्या. साधनाचा वास तर केव्हाच बुरशीखाली दबून गेला होता. पद्माकर कशाचा वास घेत होते देव जाणे. माणसाला हवा तो वास येतो, दुसरे काय! मला ओरडून सांगावेसे वाटे की पद्माकर, एकदा खुंटीला टांगा हो मला. पण कोटाला तोंड नसते आणि त्यांना ऐकायचे नव्हते.

मला त्यांचा राग येई आणि दयाही येई. निशिकांत त्यांना म्हणायचा, खाली बागेत जा, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना चला, इथे आपली किती माणसे आहेत. ते "बघू" म्हणायचे. त्या घरात त्यांना शेल्टरपलीकडे काही दिसत नसे. ते स्वतःच आतून दार ओढून घेत होते, त्यांना बाहेर कोण काढणार?

एका रविवारी अनघा पापडाचा डबा घ्यायला आत आली आणि दारातच थबकली. पिशवी फुगली होती. तिने दिवा लावून पाहिले, ठिपके दिसले, भोके दिसली. पिशवीच्या कोपऱ्यातून निघालेली एक अळी पोत्यावरून चालली होती. ती निशिकांतशी बोलली. तो म्हणाला बाबांना विचारायला हवे. पण विचारायचे कोणी? साधना गेल्यापासून त्या घरात तिचे नाव निघाले की कोणी तरी टीव्ही लावायचे. शेवटी अनघाने मला उचलून बाहेरच्या दाराशी, चपलांच्या रॅकजवळ ठेवले. कचरा टाकायची उभी नळी मजल्यावरच, लिफ्टच्या शेजारी असते. झाकण उचलायचे, पिशवी लोटायची, की थेट तळमजल्यावर. मी त्या झाकणाचा आवाज ऐकत पडून राहिलो. मला भीती वाटत होती.

गार्गी तिथून जाताना नाक दाबून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ममा, धिस वन स्मेल लाइक वेट डॉग, लाह." ते ऐकून पद्माकर खोलीतून बाहेर आले. त्यांनी मला पाहिले आणि खाली वाकून पिशवी उचलून छातीशी धरली.

"हे टाकू नकोस," ते म्हणाले.

"बाबा, कसर लागलीय त्याला. बाकीच्या कपड्यांत जाईल."

"तिचा वास आहे त्यात."

अनघा चपलांच्या रॅकवर बसली. मग तिने हात पुढे केला आणि "मला बघू द्या," असे म्हणाली. पद्माकरांनी नाखुशीने झिप उघडली. तिने खरेच नाक लावले, चांगले दोनदा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"बाबा, ह्यात आई नाहीत हो," ती म्हणाली. "बुरशी आहे नुसती."

पद्माकर मला घेऊन खोलीत गेले. त्यांनी झिप पूर्ण उघडली, मला पलंगावर पसरले आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिले. डाव्या बाहीची चाळण झाली होती. त्यांनी बोट घातले तर ते आरपार गेले. ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्यांनी अनघाला विचारले, पाण्यात न घालता हा कोट साफ होईल का. साधना तो बर्फावर साफ करायची, हे सांगताना त्यांनी तिचे नाव घेतले. निशिकांत टीव्हीच्या रिमोटकडे वळला होता, तो तिथेच थांबला.

अनघा कामाला लागली की मागे बघत नाही. आधी कसर मारायची होती आणि त्यासाठी फ्रीझर. तिचा फ्रीझर म्हणजे तिची तिजोरी होती. तिच्या आईने पुण्याहून दिलेले पुरणाचे गोळे, खोवलेला नारळ, मोदकांचे सारण, सगळे सणावारासाठी जपून ठेवलेले. ते तिने एका झटक्यात बाहेर काढले. त्या आठवड्यात घरात कुठलाही सण नसताना पुरणपोळ्या झाल्या आणि खोबरे शेजारच्या मलय कुटुंबाकडे गेले. मी नव्या पिशवीत, पुरणाच्या जागी. पुन्हा कोंडला गेलो म्हणून मी आधी चिडलो होतो. पण मग थंडी लागली. खरी थंडी, माझ्या माहेरची. अळ्यांची वळवळ थांबली आणि मला लाहौल सोडल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली. बाहेर काढल्यावर मी खोलीइतका ऊबदार होईपर्यंत अनघाने पिशवी उघडली नाही, नाही तर हवेतले पाणी माझ्यावर जमले असते.

राहिली बुरशी आणि मुरलेले वास. सिंगापूरला एका मोठ्या इमारतीत बर्फाचे दालन आहे. यंत्राने बर्फ पाडतात आणि मुले रबरी चाकांवर बसून घसरतात. पुढच्या सुट्टीला सगळे तिकडे निघाले, पद्माकरसुद्धा. भाड्याची जाड जॅकेटे घालून माणसे आत शिरत होती आणि आमच्या घरचे लोक एक कोट हातात घेऊन. तिकीट तासाभराचेच होते.

पद्माकरांनी घाई केली. बर्फ दिसताच त्यांनी मला त्यावर पालथे घातले. मी अजून ऊबदार होतो. पोटाखालचा बर्फ वितळला आणि मला ओल लागली. ते घाबरले. आयुष्यभर त्यांनी मला फक्त नेऊन दिले होते, पुढचे सगळे साधना करायची. ते गुडघ्यांवर बसून राहिले आणि ती कसे करायची ते आठवू लागले. मग एकदम म्हणाले, "आधी टांगायची. गार करायची. ती मला दोरी धरायला लावायची." निशिकांतने आणि त्यांनी मला दोन बाजूंनी धरून ताणले आणि दोघे दोरीच्या खांबांसारखे उभे राहिले. बापलेक इतक्या जवळ मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

तेवढ्यात तिथला एक कर्मचारी आला. "अंकल, कॅनॉट, लाह. हिअर फॉर स्लायडिंग ओन्ली." गार्गीने त्याला तिच्या भाषेत भराभर समजावले की हा आजीचा कोट आहे आणि पाण्यात घातला तर मरतो. तो माझ्याकडे, मग पद्माकरांकडे पाहत राहिला. शेवटी त्याने भिंतीकडचा, जिथे कोणी घसरत नाही असा कोपरा दाखवला.

तो बर्फ काही लाहौलचा नव्हे. कणीदार, साखरेसारखा. पण कोरडा होता. पद्माकरांनी मला पालथे घातले, वर बर्फ ओढला आणि तळव्यांनी थोपटले. झटकले, जागा बदलली, पुन्हा थोपटले. अनघाने बाह्या केल्या, डावी अगदी जपून. माझ्याखाली राखाडी डाग उमटला, मग दुसरा, जरा फिका. मलम गेले, औषधे गेली, शेल्टर गेले. मला श्वास घेता येत होता. माझा एकेक धागा उभा राहत होता. तो आनंद कसा सांगू, मला शब्द सापडत नाहीत.

शेवटी पद्माकरांनी मला उचलले आणि कॉलरला नाक लावले. खूप वेळ लावून ठेवले. मला वाटले आता हा माणूस मोडणार.

"कसलाच वास नाही," ते म्हणाले. मग मला खाली घेत, "तिला असाच लागायचा. तो वास तिचा नव्हता रे. तिच्या दुखण्याचा होता. आणि मी तोच जपत बसलो."

निशिकांतने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पद्माकरांनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याला ही बातमी अजून कोणी दिलीच नव्हती.

"निशी, आई गेली," ते म्हणाले, आणि तिथे, घसरगुंडीच्या आरडाओरड्यात, मला तोंडाशी धरून रडले. त्यांचे अश्रू माझ्या कॉलरवर पडले आणि तिथेच गोठले. निशिकांतही रडला. वेळ संपल्याची घंटा झाली तरी कर्मचारी आम्हाला बाहेर काढायला आला नाही.

आता मी खुंटीवर असतो. अनघाने डावी बाही कोपरापासून रफू केली आहे, जवळून पाहिले तर दिसते, दिसू दे. तिचे ऑफिस क्वीन्सटाउनला आहे आणि तिथला एसी म्हणजे माणसांसाठी लावला आहे की मासे टिकवायला, कोणास ठाऊक. एका सकाळी ती शिंकत निघाली तेव्हा पद्माकरांनी मला खुंटीवरून काढून तिच्यापुढे धरले. ती नको नको म्हणाली. ते हात खाली करीनात. तेव्हापासून मी रोज गाडीने ऑफिसला जातो, आणि माझ्या लांब बाह्या तिला दुमडाव्या लागतात. संध्याकाळी आम्ही परतलो की पद्माकर मला खिडकीत सावलीला टांगतात, खिसे उलटे करतात आणि कॉलर हुंगतात. परवा म्हणाले, "अनघा, तुझ्या तेलाचा वास यायला लागला हं. ह्याला वारा हवा."

मित्रांनो, लोकर जपायची असेल तर तिला पाण्यात उकळू नका आणि प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. थंडी मिळाली तर थंडी द्या, नाही तर सावलीतला वारा पुरतो. आणि तुमच्या घरात कोणी आजी किंवा आजोबा एखादी जुनी वस्तू घेऊन दाराआड बसत असतील, तर ती वस्तू त्यांच्या नकळत दाराबाहेर ठेवू नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा, हे कोणाचे. मला वारा लागायला इतका उशीर झाला, तो हे कोणी विचारले नाही म्हणून.